होडीत मागे कोण बसणार

नाही तोइवो, दोन लिहा. एक नाही, दोन कनू. दरवर्षी एकच होडी न्यायचो हे बरोबर आहे, पण यंदा आम्ही पाच जण — म्हणजे साडेचार म्हणा, मेव, माझी नात, अजून सहाचीच आहे, पण ती जागा मोठ्या माणसापेक्षा जास्त व्यापते, तेव्हा पाचच लिहा. पाच माणसं, पाच रात्री, चार तळी. मॅक्लीश नावाने जानेवारीतच सांगून ठेवलंय, फोन तुमच्या पुतणीने घेतला होता, म्हणाली, अहो, तळ्यावर अजून हातभर बर्फ आहे. मी म्हटलं, असू दे, माझ्या डोक्यातलं वितळलंय. ती हसली होती. तुम्ही काही हसला नाहीत. असो, दुकान उघडताना तुम्ही कधीच हसत नाही, तेवीस वर्षं बघतोय मी. सात वाजल्यापासून तुमच्या पायरीवर बसलोय. मोटेलातली खाट चांगली होती, पण पडून राहवेना, सारखं उठून यादी बघत होतो — दोर घेतला का, घेतला, तवा घेतला का, घेतला, मग परत दोर. मुलं दुपारपर्यंत पोचतील. तोपर्यंत सगळं होडीत भरून, बांधून, असा हात झटकून उभा राहणार मी तुमच्या धक्क्यावर. जणू काही झालंच नाही अशा थाटात.

हे खाण्याचं पिंप जरा तुमच्या काट्यावर टांगा ना. घरी मोजलं तर सव्वीस किलो भरलं, पण घरी मोजायचं म्हणजे काय, पिंप कवटाळून न्हाणीघरातल्या काट्यावर उभं राहायचं आणि मग माझं वजन वजा करायचं — आणि माझं वजन तर ही खाण्याची तयारी करताना रोज वाढतच होतं — किती? साडेसत्तावीस? ते यानिकचं चीज असणार. यानिक म्हणजे ब्रिजेटचा नवरा, आमचा जावई, क्वेबेकचा. त्याने पार्सलने चीज पाठवलं, आणि वर चिठ्ठी, की बाबा, मी जंगलात यायला तयार आहे, तुरुंगात जायला नाही. घेतलं मी, काय करता. पण बाकी बघा, एकेक जेवण वेगळ्या पिशवीत, पिशवीवर वार, वाराखाली कोण रांधणार त्याचं नाव. पहिल्या रात्री बेकन आणि बटाटे, कारण बर्फ तेवढाच टिकतो. दुसऱ्या रात्री खिम्याचा रस्सा आणि मॅकरोनी, खिमा मी स्वतः भट्टीत नऊ तास वाळवलाय — नऊ तास — शेजाऱ्यांचा कुत्रा दोन दिवस माझ्या दारातून हलला नाही. तिसऱ्या रात्री कॅलम मासे पकडणार, आणि कॅलम मासे पकडणार म्हणून मसुराच्या सूपच्या दोन पुड्या. माझा मुलगाच आहे, मला ठाऊक आहे तो किती पकडतो ते. बुधवारी सकाळी मेवसाठी पॅनकेक आणि मेपलचा पाक, पाक या बाटलीत, बाटली या मोज्यात, मोजा या भांड्यात. हसा की आता तरी. आणि तंबू मी बैठकीच्या खोलीत लावून बघितला. नुसता लावला नाही, चार दिवस त्यातच झोपलो. शेजारची बाई केक घेऊन आली तर मी तंबूची चेन उघडून बाहेर डोकं काढलं. तिने केक खुर्चीवर ठेवला आणि म्हणाली, काही लागलं तर सांगा हं.

ती यादी? नाही, यादी माझी नाही, लॉर्नाची आहे. तिची वही. हे बघा, एकच यादी, पण दर वर्षी वेगळ्या शाईने दुरुस्त केलेली. काड्यापेट्या तीन, मग तीन खोडून पाच, आणि पुढे लिहिलंय — डंकन भिजवतो. मोजे, प्रत्येकी तीन जोड, डंकनला पाच. पुढच्या पानावर अस्वलापासून वाचवायला पिंप झाडावर टांगायचा दोर, वीस मीटर, आणि कंसात, गाठ डंकनला मारू देऊ नये. तेवीस वर्षांत माझ्याबद्दल एक चांगलं वाक्य नाही या वहीत, मी शोधलं, पान अन् पान शोधलं. हो, शोधून झालं हो सगळं. तुमचं कार्ड मिळालं होतं, तोइवो. ती गेली त्या नोव्हेंबरात. उत्तर लिहायचं राहून गेलं. पावणेदोन वर्षं झाली, आता लिहिलं तर तुम्हालाच प्रश्न पडेल, हे कशाचं उत्तर. छान होतं कार्ड. त्यावर तळंबिळं नव्हतं, ते बरं केलंत.

तर मुख्य गंमत म्हणजे मुलं तयार कशी झाली. ब्रिजेटने आधीच जाहीर केलं होतं, की एकत्र जायचं असेल तर लाकडी घर भाड्याने घेऊ, गरम पाणी, गादी, तळं खिडकीतून दिसेल. खिडकीतून. अहो, तळं खिडकीतून बघायचं असेल तर मी कॅलेंडर बघेन ना. जानेवारीत मी नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवले आणि फोटो काढून दोघांना पाठवला, खाली काहीच लिहिलं नाही. दहा मिनिटांत कॅलमचा फोन — बाबा, होडी उचलून लांबच्या पायवाटेने जायचं की बीव्हरच्या बांधावरून? दहा मिनिटांत, तोइवो. जो मुलगा वाढदिवसाला फोन करायचा विसरतो. मग तासाभराने ब्रिजेटचा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. एकच प्रश्न. तिचं हे लहानपणापासून असंच, बरोबर जिथे दुखतं तिथे बोट. असो. ते जाऊ दे. मला सांगा, या वर्षी अस्वलं कशी आहेत? मागच्या वाटेवर मोठं झाड पडलंय असं ऐकलं. आणि वल्ही मला लाकडीच द्या, ती प्लॅस्टिकची हातात कपड्यांच्या हँगरसारखी वाटतात.

काय? कोणत्या होडीत कोण. हां, तेही लिहावं लागतं का? नवीन काढलंय का हे? पूर्वी नव्हतं. बरं, लिहा. पहिल्या होडीत कॅलम आणि यानिक. कॅलम मागे. त्याला लॉर्नाने शिकवलंय, नंतर दोन उन्हाळे शिबिरात शिकवायलाही होता, तो तुमची होडी बाटलीच्या तोंडातूनही नेऊन दाखवेल. यानिक पुढे, त्याच्याजवळ चीज. दुसऱ्या होडीत ब्रिजेट पुढे, मध्ये मेव, आणि उरलेला मी. मागे? मागे म्हणजे — पुढे ब्रिजेट बसली, मध्ये पोरगी, तर उरलं काय, मागचीच बैठक ना. तिथे मी. लिहा, डंकन. असं बघू नका. लिहा ना.

पेन का खाली ठेवलंत?

बरं, ऐका. मला वाटलं होतं तुम्हाला आठवणार नाही. उन्हाळ्यात शे-दोनशे माणसं जातात तुमच्या धक्क्यावरून, कोण पुढे बसलं आणि कोण मागे, हे कोण लक्षात ठेवतं? तुम्ही. अर्थात तुम्ही. हो, ती मागे बसायची. दरवर्षी. आणि मी पुढे. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ठरलं होतं ते, तुमच्याकडे यायच्याही आधी, ती म्हणाली, तुझ्या अंगात जोर आहे, माझ्या डोक्यात नकाशा आहे, तू पुढे हो. मी झालो. पुढच्या माणसाचं काम काय, वल्हं मारायचं, दगड दिसला की ओरडायचं, आणि होडी काठाला लागली की पहिलं पाण्यात पाय टाकून भिजायचं. तिन्हींतही मी पटाईत आहे. पण होडी सरळ जाते ती मागच्यामुळे, वळते ती मागच्यामुळे, आणि मागचा काय करतो ते पुढच्याला दिसत नाही. दिसतच नाही, तोइवो. तोंड पलीकडे असतं. मी इतकी वर्षं होडीत बसलोय, आणि होडी कशी चालवतात ते मी एकदाही पाहिलेलं नाही.

आता ब्रिजेटचा प्रश्न तुमच्या लक्षात आला असेल. ती म्हणाली, बाबा, दुसऱ्या होडीत मागे कोण बसणार? आणि मी म्हणालो, मी. शिकलो मी, शिकवणी लावली. तसं ते अगदी खोटं नव्हतं, नाव घातलं होतं, मे महिन्यात. जुलैत बोलणं झालं तेव्हा तिने परत विचारलं, झाली का शिकवणी, मी म्हटलं, झाली, चांगली झाली, सर्टिफिकेट देतात पण मी घेतलं नाही. का म्हणालो मी ते? सर्टिफिकेटचं कुणी विचारलंही नव्हतं. आणि ती म्हणाली, ठीक आहे बाबा, मग मेवला तुमच्याच होडीत बसवू. तिला आजोबांजवळच बसायचंय.

शिकवणीला एकदा गेलो. एकदाच. आमच्या गावाबाहेरच्या तळ्यावर, आठ बायका आणि मी, शिकवायला बावीस वर्षांची मुलगी. कागदावर लिहिलं होतं जोडीदार घेऊन या, मी कागद वाचलाच नव्हता. सगळ्या जोडीजोडीने आलेल्या. मग त्या मुलीने माझ्या पुढच्या बैठकीवर वाळूचं पोतं ठेवलं, म्हणाली, वजनाला. मी वल्हं मारलं, होडी डावीकडे फिरली. परत मारलं, परत डावीकडे. जोरात मारलं, जोरात डावीकडे. पोहणाऱ्यांसाठी दोर लावलेला असतो ना तरंगता, त्यात शिरलो, मग बदकांत शिरलो, बदकांनी मला वाट करून दिली तरी मी परत त्यांच्यातच. बायका टाळ्या वाजवत होत्या, चांगल्या मनाने हो, धीर द्यायला. आणि मी त्या पोत्याला सांगत होतो, अरे, दगड बघ, दगड बघ. पुढच्या शनिवारी गेलो नाही. घरी खुर्चीवर बसून झाडू घेतला आणि आरशासमोर सराव केला, फोनवर बघून बघून, तीन आठवडे. खुर्ची एकदम सरळ जाते, तोइवो. उत्तम जाते. वहीतही शोधलं. तंबूच्या खुंट्या किती ते आहे, डासांचं मलम कुठल्या कप्प्यात ते आहे, मीठ किती चमचे ते आहे. होडी कशी वळवायची ते नाही. ती कशाला लिहील? ते तिच्याच हातात होतं.

कळलं मला तुम्ही काय म्हणणार ते. पुतणीला वाटाडी म्हणून न्या. नको. तुमची पुतणी गुणी आहे, पण वाटाडी दिसली की ब्रिजेट मला बाजूला घेऊन जाईल आणि हळू आवाजात विचारेल, बाबा, हिला का घेतलंय? तिचा हळू आवाज मला सोसत नाही. मग गाड्या वळतील, लाकडी घर, खिडकी, गरम पाणी, कॅलम दुसऱ्या दिवशी काम आहे म्हणून निघून जाईल, आणि पुढच्या वर्षी कुणी नकाशाचं नाव काढणार नाही. तिच्यानंतर आम्ही सगळे एका छपराखाली दोनदा भेटलोय, दोन्ही वेळा सूट घालून. हो, पोरीचं मी विचारात घेतलं नाही असं समजू नका. घेतलं. तेच घेऊन बसलो होतो पायरीवर. मेवला वाऱ्यात, खोल पाण्यात, मला येत नसताना — नाही. ते मी करणार नाही. दहा वाजतायत, मुलं दोनला पोचतील. चार तास आहेत. तेवढ्यात शिकवाल का? येईल का एवढ्यात? नाही आलं तर मी स्वतः सांगेन ब्रिजेटला, आणि खिडकीतून तळं बघेन. शब्द देतो.

कुठे निघालात? अहो, दुकान — बरं. पाटी उलटी करून ठेवलीत म्हणजे — बरं, बरं. जाकीट घालतो की. लाकडीच दिलंत वल्हं. नाही, तुम्ही मागे बसा, मी पुढून बघतो कसं — काय? मी मागे? आणि पुढे तुम्ही? तुमचं वय काय, तोइवो, पुढच्याने जोर लावायचा असतो. बरं. बसलो. ढकलतो धक्क्यापासून. देवा.

डावीकडे. बघा, डावीकडेच. सांगत नव्हतो? काय? जोर कमी. बरं. ओढायचं, संपत आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली, आणि पाणी हळूच बाहेर सारायचं. हळूच म्हणजे दार लावतो तसं. अंगठा खाली. अंगठा खाली. हे — हे काय झालं? सरळ गेली का? तोइवो, गेली सरळ. नाही, आता नाही, पण मघाशी गेली, तुम्ही पाहिलंत ना, अर्थात तुम्ही कसं बघाल, पण वाटलं असेल ना तुम्हाला. परत. अंगठा. हां. हां. अहो, हे तर — हा आवाज. ओढल्यावर जरा थांबा आणि मग थेंब, टप टप टप. हा आवाज माझ्या पाठीमागे सारखा असायचा. मला वाटायचं ती दमून थांबते. मी तसं तिला म्हणायचोदेखील, दमलीस का गं, आणि ती म्हणायची, वल्हं मार.

तुमच्या त्या बेटाला वळसा घालून येऊ, चालेल? घालतो मी. मोठा वळसा, घाई नाही. तासभर झाला की काय? मजा येतेय हो मला, खरंच, लाज वाटण्याइतकी मजा येतेय. अठ्ठावन्नाव्या वर्षी. थांबा जरा, वल्हं ठेवा खाली. डावा खांदा दुखतोय ना तुमचा? कसं म्हणजे, दिसतोय, मघापासून डावीकडे कलताय तुम्ही, आणि मान — तोइवो. थांबा.

इथून पाठ दिसते.

तुम्हाला ठाऊक असेल. मला आत्ता कळतंय. ती नेमकी मी दमलो की म्हणायची, चल, त्या खडकावर थांबू, मला चहा हवा. तिला हवा, माझं नाव नाही. मी म्हणायचो, माझं काय, मी अजून दोन तास मारीन, पण तुझ्यासाठी थांबतो. मला वाटायचं मीच तिला सांभाळून घेतोय. प्रत्येक वेळी, तोइवो. आणि मोजे पाच जोड. सगळं इथून दिसत होतं तिला. मी तळी बघितली, डोंगर, मूस हरणं, सगळं आधी मी बघितलं, आणि तिने समोर — नाही, वळू नका. असेच बसा. पुढेच बघा जरा वेळ.

धक्क्यावर कोण उभं आहे? लाल जाकीट. ब्रिजेट. दोन म्हणाली आणि साडेअकराला हजर, आईसारखी. ती छोटी उडी मारतेय ती मेव. मी ओरडून काही सांगू का? नको. हात करतायत, तुम्ही करा हात, माझे गुंतलेत. तिला वाटत असेल तुम्ही चालवताय. नाही, तुम्ही वल्हं उचलू नका, धक्क्याला मीच लावणार. पोचलो की पहिलं तेच सांगायचं, सामान उतरवायच्या आधी, मिठी मारायच्या आधी — की ब्रिजेट, शिकलो म्हणालो ते खोटं होतं, आज सकाळी शिकलो हे खरं आहे, आणि मेव कॅलमच्या होडीत बसेल. माझ्यापुढे यानिक बसू दे, त्याची पाठ रुंद आहे. मग तिला जे ठरवायचं ते ती ठरवेल. आता मला बोलायला लावू नका, तोइवो. बोललो की अंगठा वर जातो.